मुलांची जॅझ-ओळख (गोवा)

शाळकरी मुलांना जॅझ या संगीतप्रकाराची ओळख मैफली, शाळेतल्या कार्यशाळा आणि वाद्यवर्ग यांतून करून देण्याचा उपक्रम. जॅझ विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरात, तिथल्या कृष्णवर्णीय समाजात आकाराला आले. ते मुलांपर्यंत मुद्दाम नेण्याची पद्धतही तिकडचीच. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात १९६४ साली सुरू झालेल्या ‘जॅझमोबिल’ने फिरता रंगमंच वस्त्यावस्त्यांतून नेला आणि पुढे वादनाचे वर्गही चालवले.

गोव्यात ही ओळख नव्याने करून द्यावी लागते, हे तसे विचित्रच. चर्चशी जोडलेल्या शाळांत मेस्त, म्हणजे संगीतशिक्षक, पिढ्यान्‌पिढ्या पोरांना पाश्चात्य स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत आले. या शिदोरीवर गोमंतकीय वादक मुंबईला गेले. हॉटेलांचे बँड आणि पुढे चित्रपटांचे वाद्यवृंद त्यांनीच भरले होते. हळदोण्याचे आंतोनियो शावियर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने ट्रंपेट वाजवत. विख्यात अमेरिकन ट्रंपेटवादकावरून त्यांना भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. सी. रामचंद्रांच्या गाण्यांतून त्यांचा ट्रंपेट मराठी घरांत पोहोचला, फक्त त्याला कोणी जॅझ म्हटले नाही. मडगावचे क्रिस पेरी यांनी कोकणी गाण्यात तोच झोक आणला. पोट मुंबईत भरत असल्याने वादक तिकडेच राहिले. आज गोव्यात जॅझ ऐकू येते ते बहुधा किनाऱ्यावरच्या हॉटेलांत आणि रात्री. आठ वर्षांच्या मुलाचे तिथे काम नाही. म्हणून मुलांची मैफल सकाळी आणि शाळेच्या सभागृहात व्हावी लागते.

पणजीच्या कला अकादमीत (स्थापना १९७०) पाश्चात्य संगीताचे शिक्षण मिळते. युनेस्कोने २०११ मध्ये जाहीर केलेला आणि २०१२ पासून पाळला जाणारा आंतरराष्ट्रीय जॅझ दिन ३० एप्रिलला, म्हणजे मे महिन्याच्या सुटीच्या तोंडावर येतो. मैफलींना ही तारीख सोयीची आहे.

मुलांच्या मैफलीत तीन-चार वादक पुरतात. आधी धून वाजते, मग प्रत्येक जण आपल्या पाळीला तिच्यावर मनाने वाजवतो आणि शेवटी सगळे धुनेवर परततात. इंग्रजी संज्ञांपेक्षा ‘मुखडा’, ‘आवर्तन’, ‘साथ’ हे शब्द मराठी माध्यमाच्या वर्गात चटकन कळतात. त्यानंतर ट्रंपेटवाला वाद्याच्या पसरट तोंडावर एक रबरी वाटी धरतो आणि उघडझाप करतो. वाद्य ‘वा-वा’ करून रडू लागते, सभागृह हसते. ही वाटी म्हणजे तुंबलेले सिंक मोकळे करायच्या पंपाची रबरी टोपी. जॅझवाले खरोखरच ती वापरत आले आहेत. सुरांचा सिद्धांत अर्धा तास समजावण्यापेक्षा ही टोपी जास्त काम करते.

अडते ते टाळीवर. भजनी ठेक्यावर वाढलेले मूल पहिल्या मात्रेवर, समेवर टाळी देते. जॅझमध्ये चारांपैकी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर टाळी असते. अर्धे सभागृह एकीकडे, अर्धे दुसरीकडे, असा गोंधळ होतो. मुलाचे चुकत नाही, त्याचा कान दुसऱ्या घरचा आहे. ‘स्विंग’, म्हणजे जॅझचा झुलता ठेका, मात्र तबला शिकणाऱ्याला लवकर उमगतो. मात्रेचे तीन भाग करून पहिले दोन जोडले आणि तिसरा सुटा ठेवला, म्हणजे तिस्र जातीत ‘लांब-आखूड’ चालवले, की तो झोक जवळपास हाती येतो. ब्लूज हा जॅझच्या मुळाशी असलेला गीतप्रकार. माप म्हणजे चार मात्रांचा गट, म्हणून बारा मापांचा ब्लूज म्हणजे ४८ मात्रांचे आवर्तन. त्याच्या पारंपरिक घाटात पहिली ओळ दोनदा येते, तिसरी तिला उत्तर देते. त्यात मुले स्वतःचे शब्द सहज बसवतात, जसे :

बस गेली सुटून, मी उभा पावसात,
बस गेली सुटून, मी उभा पावसात,
छत्री राहिली घरी, पाणी शिरलं दप्तरात.

मेस्तांच्या परंपरेने कागद वाचायला शिकवले. ऐन वेळी काय वाजवायचे, हे कागद सांगत नाही. ते धाडस चतुर्थीच्या आरतीत घुमट, म्हणजे चामडे ताणलेले मातीचे वाद्य, वाजवणाऱ्या पोराकडे असते. शामेळ (काठ्यांनी वाजवायचे तालवाद्य) आणि कांसाळे (झांज) चालू असताना ओळींच्या मधल्या जागेत तो आपला हात दाखवून घेतो, आणि समेवर परत येतो. असे असूनही बहुतेक कार्यशाळा अजून स्वरलिपीपासूनच सुरू होतात, हा उलटा क्रम आहे. आधी ऐकून उत्तर देणे आणि मग वाचन, हा क्रम मुलांना मानवतो. वादकाने दोन मापे वाजवायची, मुलांनी तोंडाने परत करायची, एवढ्यानेही पहिला तास छान जातो.

वाद्य हातात देण्याला वयाची मर्यादा आहे. ट्रंपेटसारखी फुंकवाद्ये पुढचे पक्के दात आल्यावर, साधारण आठव्या वर्षानंतर सुरू करतात. ड्रम, पियानो आणि गळा यांना ही अट नाही. जूनपासून दमट हवेत सॅक्सोफोनच्या कळांखालच्या चामडी गाद्या चिकटू लागतात, कळ उघडताना ‘चट्’ आवाज येतो. वाजवून झाल्यावर वाद्य आतून पुसणे आणि गाद्यांखाली टिपकागद दाबून ओल काढणे, हे गोव्यातल्या वर्गात सरगमीइतकेच लवकर शिकवावे लागते.