फोल्डिंग बट आणि डावखुरे नेमबाज

फोल्डिंग बट म्हणजे रायफलचा खांद्याला टेकणारा मागचा भाग बिजागरीवर दुमडता येईल असा केलेला. ही सोय नेमबाजीपेक्षा वाहतुकीसाठी जास्त, पॅराट्रूपर, रणगाड्यातले आणि गाडीत कोंबून बसवलेले जवान हे तिचे मूळ गिऱ्हाईक. बट कुठल्या बाजूला दुमडायचा हे जवळपास नेहमीच यंत्रणेवर ठरत आलंय, माणसाच्या हातावर नाही, आणि डावखुऱ्यांची अडचण तिथूनच सुरू होते.

पहिला दुमडता बट कुणाचा यावर एकमत नाही. शिकारीच्या आणि प्रवासी बंदुकांना बिजागरीचे दस्ते तुरळक का होईना आधीपासून होते, पण लष्करी वापराची सुरुवात बहुतेक लेखक जर्मन एमपी ३८ या सबमशीनगनपासून (पिस्तुलाच्या गोळ्या झाडणारी आखूड स्वयंचलित बंदूक), म्हणजे १९३८ च्या सुमारास धरतात. दोस्त राष्ट्रांचे सैनिक तिच्या घराण्याला सरसकट श्मायसर म्हणायचे, पण ह्यूगो श्मायसरने ती बनवली नव्हती, ती एर्मा कारखान्याची. तिथेही रचनाकार हाइनरिश फोल्मरचा वाटा किती आणि कारखान्याचे प्रमुख बेर्टोल्ड गाइपेल यांचा किती यावर वाद आहेच. फोल्मरच्या आधीच्या सबमशीनगनशी असलेलं साम्य बघता झुकतं माप त्याला द्यावंसं वाटतं, अर्थात दुमडता बट नेमका कुणाच्या डोक्यातून निघाला हे त्यानेही सुटत नाही. हा बट पोटाखाली दुमडायचा, सोव्हिएत एके म्हणजे कलाश्निकोव्ह रायफलीच्या पॅरा (पॅराट्रूपरांसाठीच्या) आवृत्तीत (एकेएस-४७, पुढे एकेएमएस) तीच कल्पना उचलली गेली असं सहसा मानतात. सोव्हिएत पीपीएस-४३ सबमशीनगनमध्ये तो वरून पुढे यायचा. खाली किंवा वर दुमडणारे हे बट डावखुऱ्याला आणि उजव्याला सारखेच, म्हणजे पातळ पत्र्यामुळे गालाला सारखेच टोचणारे.

भेदभाव आला तो बाजूला दुमडण्यात. अमेरिकन एम१ए१ कार्बाइनचा (१९४२) तारेचा बट डावीकडे जातो, कारण कॉकिंग हँडल (गोळी चढवायला मागे ओढायची मूठ) आणि रिकामी पुंगळी बाहेर पडायची जागा उजवीकडे. कलाश्निकोव्ह घराण्यातल्याच एकेएस-७४ आणि १९९० च्या दशकातली एके-७४एम यांचंही तेच, ९४३ मिमीची एके-७४एम डावीकडे दुमडली की साधारण ७०० मिमी होते. बेल्जियन एफएन एफएएल रायफलीच्या पॅरा आवृत्तीत कॉकिंग हँडल डावीकडे, तिथे बट उजवीकडे जातो. ड्रॅगुनोव्ह स्नायपर रायफलीच्या एसव्हीडीएस या दुमडत्या आवृत्तीत दुर्बिणीचा माउंट डाव्या अंगाला असल्याने डावीकडे जागाच उरत नाही, म्हणून तोही उजवीकडे.

डावखुरा माणूस डावा गाल बटाच्या उजव्या अंगाला टेकवतो, म्हणजे त्याचं तोंड पुंगळी उडते त्याच बाजूला येतं, आणि बट कुठेही वळवला तरी हे बदलत नाही. बट डावीकडे दुमडलेला असेल तर डावा हात ग्रिपवर ठेवून उजव्या हाताने तो उघडताना बंदुकीवरून पलीकडे जावं लागतं, शिवाय दुमडलेल्या अवस्थेत डाव्या तर्जनीला ट्रिगरपाशी जागा कमी पडते. मग बिजागरीच उलटी करावी असं वाटतं, पण ठरावीक सैनिकी बटांत लॅच (बट जागी अडकवणारी कडी) आणि त्याची खाच एकाच बाजूसाठी कापलेली असते, तिथे हा आर्मररचाच (हत्यारं दुरुस्त करणाऱ्याचा) उद्योग. ज्या नव्या रायफलींना मागे १९१३ मानकाची रेल (जोडणीची खाचदार पट्टी) असते (हे साल नाही, मानकाचा नंबर) तिथे काही बिजागऱ्या उलट्या बसवून दिशा बदलता येते. बोल्ट रायफलमध्ये (प्रत्येक गोळीला बोल्टचा दांडा हाताने ओढावा लागतो ती) उजवीकडे दुमडणारा बट काही वेळा बोल्टच्या दांड्याला अडकवून ठेवतो, मग डाव्या बोल्टच्या रायफलीला आरशातल्यासारखी उलटी बिजागरीच लागते.

बट माणसाला बसता करायची जुळवणी रिकाम्या बंदुकीवरच करतात आणि सुरुवात बटाने नाही तर डोळ्याने होते. लिहिता हात डावा म्हणून नेमाचा डोळा डावाच असतो असं नाही, साधारण दहातला एक माणूस डावखुरा पण डाव्या डोळ्याचं प्राबल्य जवळपास तिघांतल्या एकाचं, आणि हे तपासायची युक्ती इटलीच्या देल्ला पोर्टा या विद्वानाने सोळाव्या शतकाच्या अखेरीस नोंदवलीय. मग ट्रिगरपासून बटाच्या टोकापर्यंतची लांबी बघायची, जाड जॅकेट घालणार असाल तर ते घालूनच. गालपट्टी एकाच अंगाला फुगीर असेल तर ती बदलावी लागते, उंची अशी की डोळे मिटून गाल टेकवला आणि उघडले की नेम समोर दिसावा. उजव्या माणसासाठी बट किंचित उजवीकडे कललेला असतो, डावखुऱ्याला तो डावीकडे किंवा निदान सरळ हवा. पट्ट्याची कडी उजव्या अंगाला घ्यायची, नाहीतर पट्टा बिजागरीत अडकतो. आणि बट उघडून लॉक केल्यावर हलवून बघायचा, सांध्यात खुळखुळ असेल तर गाल दरवेळी वेगळ्या जागी टेकतो आणि बाकीची मेहनत पाण्यात.

एआर-१५ जातीच्या (अमेरिकन) रायफलींत बटाच्या नळीत स्प्रिंग असल्याने वेगळा अडॅप्टर लागतो, तो सहसा डावीकडे वळतो, आणि दुमडलेल्या स्थितीत ती चालवण्यासाठी नसते.

भारतात खासगी बंदुकांवर निर्बंध घालणारा १९५९ चा शस्त्र कायदा बघता हा विषय मुख्यतः सैन्य-पोलिसांपुरता. पुण्याच्या एआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेत आखलेल्या इन्सास रायफलीची फोल्डिंग बटवाली आवृत्ती आहे, तिचं कॉकिंग हँडल डावीकडे. ऑलिंपिक प्रकारच्या रायफलींचे बट सहसा दुमडत नाहीत, तिथे डावखुऱ्यांसाठी कारखान्यातूनच डावं मॉडेल मिळतं.