वाळू अडवायची, पण सगळी नाही

कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात, अथाबास्का नदीच्या परिसरात जमिनीखाली बिटुमेनचे, म्हणजे डांबरासारख्या घट्ट तेलाचे, प्रचंड साठे आहेत. पण नुसती विहीर खणून ते वर येत नाही. साठ्यातल्या 10 अंश सेल्सिअसच्या आसपासच्या तापमानाला बिटुमेन पाण्याच्या दहा लाख पटींहूनही दाट असू शकतं. शिवाय ते पक्क्या खडकात नसून सुट्या वाळूत मुरलेलं असतं. तिथे कणाला कण धरून ठेवण्याचं काम बऱ्याच अंशी बिटुमेनच करतं. ते पातळ झालं की वाळूही मोकळी होते.

अभियंते रॉजर बटलर यांनी 1970 च्या दशकात मांडलेल्या पद्धतीत दोन आडव्या विहिरी एकमेकींच्या वर साधारण 5 मीटर अंतरावर खणतात. वरच्या विहिरीतून 200 अंशांहून गरम वाफ सोडायची, खालच्या विहिरीतून पातळ झालेलं तेल आणि वाफेचं झालेलं पाणी उपसायचं. फोर्ट मॅकमरेजवळ 1987 मध्ये याच्या प्रत्यक्ष चाचण्या सुरू झाल्या आणि आज या भागातलं बरंचसं तेल असंच निघतं. खालच्या विहिरीत शेकडो मीटर लांबीचा पाइप असतो आणि त्याच्या अंगावर हजारो अरुंद फटी कापलेल्या असतात. हीच वाळू अडवणारी जाळी. बहुतेक फटींची रुंदी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, कधी त्याहून कमी. विहिरीचं आयुष्य बरंचसं या रुंदीवर ठरतं.

फट मोठी ठेवली तर वाळू आत शिरते, पंप झिजतो, पाइप भरत जातो. मग फट लहानच का ठेवू नये? कारण वाळूसोबत केओलिनाइट, इलाइट यांसारख्या चिकणमातीचे अतिसूक्ष्म कणही असतात. त्यांना बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर ते फटीच्या तोंडाशी आणि तिच्या मागच्या वाळूत साचतात, आणि काही काळाने तेलाचीच वाट बंद होते. म्हणून चांगल्या जाळीने जाडे कण धरून ठेवायचे आणि बारीक कण जाऊ द्यायचे. माझ्या मते या सगळ्या विषयाचं मर्म इथेच आहे. एक कणही आत येऊ न देणारी जाळी कागदावर उत्तम दिसते, पण अशी विहीर लवकर गुदमरते.

फट कणापेक्षा रुंद असूनही वाळू अडते, कारण दोन-तीन कण तिच्या तोंडावर एकमेकांना रेटून कमान धरतात. कोबर्ली या संशोधकांनी 1937 मध्येच दाखवलं होतं की सर्वांत जाड दहा टक्के वाळू ज्या आकारापासून सुरू होते, त्याच्या साधारण दुप्पट रुंदीपर्यंत अशी कमान टिकू शकते. हा नियम अजूनही सुरुवातीच्या अंदाजासाठी वापरला जातो. पण त्यात चिकणमाती नाही, वाफ नाही, जमिनीचा दाबही नाही. म्हणून प्रयोगशाळा लागते.

चाचणीची सुरुवात वाळूपासून होते आणि खरी मेहनतही तिथेच आहे. विहिरीतून काढलेला मूळ नमुना थोडाच असतो, म्हणून बाजारातली वाळू आणि चिकणमाती ठरावीक प्रमाणात मिसळून मूळ वाळूसारखंच मिश्रण बनवतात. ते कोरडं ओतलं तर जाडे आणि बारीक कण वेगळे होतात. म्हणून किंचित ओलं करून, थर देत, प्रत्येक थर ठोकून ते दंडगोलाकार भांड्यात भरतात. भांड्याच्या तळाशी खऱ्या पाइपासारख्याच फटी कापलेली धातूची चकती असते. वरून दाब देतात, मग खालून हळूहळू मिठाचं पाणी चढवून आतली हवा बाहेर काढतात. प्रवाह मात्र वरून खाली, चकतीच्या दिशेने सोडला जातो.

या पाण्यात मीठ मुद्दाम कमी ठेवलेलं असतं. वाफेचं पाणी होतं ते जवळजवळ गोडं, आणि गोड्या पाण्यात चिकणमातीचे कण एकमेकांना सोडून सुटे होतात. समुद्रासारखं खारं पाणी वापरलं तर ते कण जागेवर बसून राहतील आणि जाळी उगाचच गुणी ठरेल. तेलाच्या बाबतीतही असाच विचार असतो. प्रत्येक चाचणी 200 अंशांवर करणं अवघड आणि धोक्याचं, म्हणून गरम बिटुमेनइतकाच दाटपणा असलेलं हलकं खनिज तेल साध्या तापमानाला वापरतात. वाफेच्या जागी एखादा वायू सोडतात. वाळूच्या कणाला जो ओढा जाणवतो तो प्रवाहाचा वेग आणि दाटपणा यांचा. म्हणून ही तडजोड मला पटते, पण रासायनिक झीज आणि क्षारांचे थर यांबद्दल ती काहीच सांगत नाही.

मग प्रवाह टप्प्याटप्प्याने वाढवतात: आधी तेल, मग तेल-पाणी, शेवटी वायूही. पाण्याचा वाटा वाढला की बारीक कण हलू लागतात, कारण ते वाळूच्या अंगाला चिकटलेल्या पाण्याच्या थरात असतात. वायू घुसला की वाळूचं प्रमाण अनेकदा एकदम वाढतं. वाफ थेट खालच्या विहिरीत शिरण्याची भीती बाळगतात त्याचं हे एक कारण.

मोजायचं काय? एक, चकतीतून खाली पडलेली वाळू. जाळीच्या दर चौरस मीटरला सुमारे 0.6 किलोपेक्षा जास्त नको, हा रूढ निकष. 15 सेंटिमीटर व्यासाच्या चकतीसाठी हे फक्त 10 ग्रॅमच्या आसपास भरतं. दुसरं, चकतीलगतच्या वाळूतून द्रव किती सहज वाहतो. भांड्याच्या उंचीवर जागोजागी दाबमापक असतात आणि दोन जागांतल्या दाबाच्या फरकावरून ते कळतं. हे तत्त्व फ्रेंच अभियंते हेन्री डार्सी यांनी 1856 मध्ये वाळू भरलेल्या नळ्यांवरच्या प्रयोगांतून मांडलं होतं. ही वाहकता मूळच्या निम्म्याखाली गेली तर जाळी सहसा नापास.

चाचणी संपल्यावर भांडं उघडून वाळूचे पातळ काप काढतात आणि प्रत्येक कापात बारीक कण किती आहेत ते तपासतात. चकतीलगतच्या कापात ते वाढलेले दिसले की कोंडी कुठे झाली ते लगेच उमगतं. दाबही महत्त्वाचा आहे. विहीर नवी असताना पाइपाभोवती मोकळी जागा आणि सैल वाळू असते. पुढे साठा तापून फुगतो आणि वाळू पाइपावर आवळली जाते. मग कमानी भक्कम होतात, वाळू कमी येते, पण वाहकताही घटते. एकाच दाबावर केलेली चाचणी म्हणून मला अपुरी वाटते.

सगळी जड तेलं या वाटेने जात नाहीत. कॅनडातल्याच लॉयडमिन्स्टर शहराच्या आसपास वाफेशिवाय चालणाऱ्या अनेक विहिरींत वाळू मुद्दाम येऊ देतात, कारण ती निघून गेल्याने जमिनीत वाटा तयार होतात आणि तेल वाढतं.

वाफेच्या विहिरींसाठी मात्र शेवटी रुंदीचा एक पट्टा हाती येतो: त्याखाली कोंडी, त्यावर वाळू. वाळू एकसारखी आणि चिकणमाती कमी असेल तर पट्टा ऐसपैस असतो, चिकणमाती वाढली की आक्रसतो. आणि एवढ्या लांबीची विहीर एकाच प्रकारच्या वाळूतून क्वचितच जाते. म्हणून वेगवेगळ्या वाळूंवर त्याच चाचण्या करून, सगळ्यांच्या पट्ट्यांत बसणारी रुंदी शोधतात. तशी सापडली नाही तर पाइपाच्या वेगवेगळ्या भागांत वेगवेगळ्या रुंदीच्या फटी कापाव्या लागतात.