प्राथमिक शस्त्रकौशल्यांचे प्रशिक्षण

वैद्यकीय विद्यार्थ्याला शस्त्रक्रियेतील मूलभूत हातकाम आधी प्रतिकृतीवर आणि मग देखरेखीखाली रुग्णावर शिकवण्याच्या पद्धती. निर्जंतुक हात धुणे, गाउन-ग्लोव्हज घालणे, अवजारे धरणे, गाठ मारणे, टाके घालणे-काढणे, गळू फोडणे ही त्यांतली मुख्य कौशल्ये.

सरावाची ही कल्पना आपल्याकडे फार जुनी. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील ‘योग्यासूत्रीय’ अध्यायात छेदनाचा (कापून काढण्याचा) सराव कोहळा, दुध्या, काकडीवर; भेदनाचा (चिरा देऊन फोडण्याचा) पाणी वा चिखल भरलेल्या चामडी पिशवीवर; शिवणाचा कापड व मऊ चामड्याच्या कडांवर करायला सांगितला आहे. पुष्कळ शिकलेला पण सराव न केलेला माणूस शस्त्रकर्माला अयोग्य, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे.

पुण्यात ससून रुग्णालयाशी जोडलेले बी. जे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (१९४६), सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय (१९४८) आणि अनेक खासगी महाविद्यालये आहेत. अशा महाविद्यालयांत पूर्वी टाका शिकायचा तो बहुतेक कॅज्युअल्टीत, सीनियरच्या शेजारी उभे राहून. त्यात पहिला चुकलेला टाका रुग्णाच्या कातडीत पडे. प्रतिकृतीवरील सरावाचे सर्वांत मोठे नैतिक कारण हेच आहे. २०१९पासून लागू झालेल्या क्षमताधिष्ठित एमबीबीएस अभ्यासक्रमाने कौशल्य प्रयोगशाळा आणि लॉगबुक (केलेल्या कृतींची नोंदवही) आवश्यक केले.

शिकवण्याची प्रचलित पद्धत शल्यचिकित्सक पेटन यांच्या चार पायऱ्यांची आहे : शिक्षक न बोलता कृती करतो, मग प्रत्येक टप्पा समजावत करतो, मग विद्यार्थी सांगतो तसे शिक्षक करतो, शेवटी विद्यार्थी स्वतः बोलत करतो. तिसरी पायरी घाईत गाळली जाते, पण विद्यार्थ्याला क्रम खरोखर कळला का, हे तिथेच उघड होते.

सरावाला फोमचे वा सिलिकॉनचे पॅड, बोकडाचे पाय, कोंबडीची कातडी चालते. सुई नीडल होल्डरमध्ये (सुई पकडण्याच्या अवजारात) टोकापासून साधारण दोन-तृतीयांश अंतरावर धरावी, ती कातडीत काटकोनात शिरावी आणि मनगट सुईच्या वक्रतेनुसार फिरावे. चिमट्याने जखमेच्या कडा चुरडणे ही नवख्यांची नेहमीची चूक. एकाच दिवशी तासन्‌तास सराव करण्यापेक्षा तो काही आठवड्यांत विभागला तर कौशल्य अधिक टिकते.

मूल्यमापनासाठी टोरांटोत विकसित झालेली ‘ओसॅट्स’ (शस्त्रकौशल्यांचे वस्तुनिष्ठ, रचनाबद्ध मूल्यमापन) पद्धत वापरतात. तीत टप्प्यांच्या यादीबरोबर ऊतींची हाताळणी, हालचालींतील काटकसर आणि कामाचा ओघ यांनाही गुण असतात; केवळ यादीवर खुणा करून ओबडधोबड हात लपतो, तो इथे दिसतो.