2500 झालं म्हणजे ग्रँडमास्टर झाला?

‘2500 रेटिंग गाठलं की ग्रँडमास्टर’ हा समज बुद्धिबळात जुनाच. तो अर्धाच खरा. या सर्वोच्च किताबासाठी रेटिंगसोबत नॉर्म (स्पर्धेतली ठरावीक दर्जाची कामगिरी) लागतात, सहसा तीन, आणि त्यांत मिळून किमान 27 डाव हवेत. खरी मेख इथेच आहे. एका नॉर्मसाठी साधारण 9 डावांत 2600 रेटिंगच्या दर्जाची कामगिरी, प्रतिस्पर्ध्यांचं सरासरी रेटिंग किमान 2380 आणि त्यांत किमान तीन ग्रँडमास्टर. गुण भरपूर झाले, पण समोर दोनच ग्रँडमास्टर आले, तर नॉर्म हुकतो. 2500 मात्र एकदाच गाठायचं. स्पर्धा चालू असताना गाठलं तरी चालतं. पुढे रेटिंग कितीही घसरो, त्यामुळे किताब जात नाही.

किताब मिळतो तो खेळण्यासाठी, शिकवणं तर वेगळंच कसब: रशियन प्रशिक्षक मार्क द्वोरेत्स्की आंतरराष्ट्रीय मास्टरच (ग्रँडमास्टरच्या खालचा किताब) राहिले, तरी ग्रँडमास्टर त्यांच्याकडे शिकत.