देह आणि देहेस्तान: मेयमंदची माणसं मोजायची कुठली?

इराणच्या केरमान प्रांतात मेयमंद नावाचं फारसी बोलणारं छोटं गाव आहे. त्याची लोकसंख्या शोधायला बसलात, तर एकाच नावापुढे दोन वेगळे आकडे सापडू शकतात, आणि दोन्ही बरोबर असतात. एक असतो गावाचा, दुसरा देहेस्तानाचा.

देह म्हणजे गाव. आपल्याकडे देह म्हटलं की शरीर आठवतं, पण पेशवाईच्या दप्तरातला ‘देहझाडा’, म्हणजे गावांची यादी, त्यातला ‘देह’ हाच. आज इराणी माणूस बोलताना ‘रुस्ता’ जास्त म्हणतो, सरकारी शब्दांत मात्र ‘देह’ टिकून आहे. देहेस्तान म्हणजे अशा अनेक गावांचा गट. आपलं महसूल मंडळ डोळ्यासमोर आणा: पुष्कळ गावं, आणि मंडळाला नाव त्यातल्याच एकाचं. मेयमंद गाव मेयमंद देहेस्तानातच येतं, म्हणून घोळ.

वर चढत गेलं तरी सुटका नाही. देहेस्तानाच्या वर बख्श, त्यावर शहरेस्तान, त्यावर ओस्तान म्हणजे प्रांत. मेयमंदचं शहरेस्तान शहरे बाबक, आणि त्याच नावाचं शहरही आहे. ‘शहरेस्तान’ ऐकून शहर समजू नये. त्यात खेडी, माळरान, डोंगर सगळं येतं. गंमत म्हणजे तालुका, जिल्हा हे शब्द आपल्याकडे फारसीच्या वाटेने आले, पण इराणच्या या उतरंडीत त्यांचा पत्ता नाही.

माणसांच्या हुद्द्यांतही हीच गफलत. देहदार हा देहेस्तानाचा सरकारी अधिकारी. देहयार एका गावाचा कारभार पाहतो: रस्ता, कचरा, दिवाबत्ती. त्याला गावची निवडून आलेली परिषद निवडते आणि नेमणुकीचं पत्र बख्शदार, म्हणजे बख्शचा सरकारी अधिकारी, देतो. म्हणजे तो धड आपला सरपंच नाही, धड ग्रामसेवकही नाही. देहयारीचा कायदा 1998 चा, परिषदांच्या पहिल्या निवडणुका 1999 च्या. देहदार त्याहून बराच जुना.

बरं, नेमका गावाचाच आकडा हाती आला, तरी मेयमंदला तो जरा जपूनच वाचावा. इथली घरं बांधलेली नाहीत, मऊ खडकात कोरलेली आहेत. त्या खडकाला ‘कमर’ म्हणतात आणि कोरीव घरांच्या समूहाला ‘कीचे’. थंडीत माणसं या घरांत असतात. हिवाळा सरता सरता गुरं-शेळ्या घेऊन ‘सरे आगल’ नावाच्या माळावरच्या वस्त्यांवर जातात, उन्हाळ्यात ‘सरे बाग’ला, पाण्याच्या कडेला. कुटुंब एक, राहण्याच्या जागा तीन. इराणची अलीकडची शिरगणती (2006, 2011, 2016) शरद ऋतूत झाली, म्हणजे बिऱ्हाडं कोरीव घरांकडे परतायच्या सुमारास. याच राहणीमुळे 2015 साली युनेस्कोने मेयमंदचा परिसर जागतिक वारशात घेतला. दाराशी बसलेल्या म्हाताऱ्यांना शिरगणतीचा माणूस काय विचारत असेल, याचं मला कुतूहल आहे.

आणि आकडा लहान म्हणजे गावच, असंही धरू नका. गिलान प्रांतातलं मासुले हजार माणसांचंही नाही, तरी कागदोपत्री ते शहर आहे. तिथे देहयार नसतो, नगरपालिका असते.