अंगणातला बंब आणि शेडमधलं इंजिन

खान्देशात अजूनही काही घरांच्या मागच्या दारी तांब्याचा बंब दिसतो. मधोमध धुराची नळी, तिच्या बुडाशी जाळ, भोवती पाणी. हाच बंब आडवा केला, एका नळीच्या जागी शंभरावर नळ्या बसवल्या आणि वाफ कोंडून धरली की झाला आगगाडीच्या इंजिनाचा बॉयलर. भुसावळला रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेल्यांना हे सांगायला नको.

विषय निघाला तो पाचोरा-जामनेर गाडीवरून. रुळांतलं अंतर 762 मिलिमीटर, लांबी 56 किलोमीटर, वाटेत शेंदुर्णी, पहूर. लोकांच्या तोंडी नुसतं ‘पीजे’. शेवटी ती डिझेलवर चालायची. 2020च्या टाळेबंदीत थांबली ती थांबलीच, आणि आता तिथे ब्रॉडगेजची भाषा आहे. तेव्हापासून ‘एखादं जुनं इंजिन तरी जपून ठेवा’ असं जो तो म्हणतो. म्हणजे काय करा? बहुतेकांच्या डोळ्यांपुढे चौथरा, साखळी आणि काळा ऑइलपेंट येतो.

पण इंजिन धावून झिजतं त्यापेक्षा उभं राहून लवकर मरतं.

गंजाला लोखंड, ऑक्सिजन आणि ओलावा तिन्ही लागतात. पहिली दोन कुठे जात नाहीत, तेव्हा भांडण ओलाव्याशी. आपल्याकडचं एप्रिल-मेचं ऊन माणसाला नकोसं, पण त्या कोरड्या हवेत गंजाची चाल मंदावते. त्रास होतो हिवाळ्यात. रात्री उघड्या आभाळाखाली लोखंड हवेपेक्षाही गार पडतं आणि पहाटे त्याला घाम फुटतो. रंगाच्या भेगेतून पाणी आत शिरतं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून तो रंगाला आतून उचलतो. अशा पोपड्यांवरच पुन्हा ब्रश फिरवलेलं इंजिन मी पाहिलंय. बाहेरून लखलखीत, आणि बोटाने दाबलं तर पत्रा कुरकुरतो.

आत आणखी वाईट. कोळशात गंधक असतं. धुराच्या पेटीत राहिलेल्या राखेला ओल लागली की आम्ल तयार होतं आणि पत्रा खात बसतं. म्हणून इंजिन उभं करण्याआधी राख झाडून काढायची, बॉयलर रिकामा करून पूर्ण सुकवायचा, आत ताटल्यांमध्ये कळीचा चुना ठेवायचा आणि झाकणं घट्ट लावायची. पाणी पडताच फसफसणारा तोच चुना; तो आतल्या हवेतली ओल पिऊन घेतो. आजी होळीनंतर बंब उपडा करून उन्हात वाळवायची आणि दिवाळीपर्यंत माळ्यावर टाकायची. तिने शास्त्र वाचलं नव्हतं, एवढंच.

चाकांचंही तसंच. टनावारी वजन एकाच जागी रेललं की बेअरिंगमधला तेलाचा थर दबून बाहेर पडतो आणि धातूला धातू भिडतो. मधूनमधून इंजिन दोन-चार हात पुढे ढकलायला हवं. म्हणजे चौथऱ्याला थोडे जास्तीचे रूळ हवेत, आणि वर छप्पर हवं. सागवानी डब्यांना तर हवंच: उन्हाळ्यात लाकूड आकसतं, सांधे उघडतात आणि मृगाचा पाऊस तिथूनच आत येतो.

चालतं इंजिन ठेवायचं म्हटलं तर वेगळीच कथा. आपल्या विहिरींचं पाणी जड. बंबाच्या तळाशी जमणारा पांढरा खर माहीत आहेच; बॉयलरमध्येही तोच जमतो. पोलादाच्या मानाने त्यातून उष्णता विसाव्या हिश्शानेही जात नाही. पाणी तापायला उशीर, कोळसा जास्त, आणि मागचा पत्रा मात्र भाजून निघतो. त्यासाठी ठरावीक दिवसांनी ‘वॉशआउट’, म्हणजे भोकांची बुचं काढून आतून जोरात पाणी मारणं. आणि पाणी कमी पडलं तर? बंब कोरडा पेटवला की डाख सुटतो. इंजिनात तोच डाख मुद्दाम ठेवलाय. भट्टीच्या माथ्यावरच्या बुचातलं शिसं वितळतं, वाफ खाली सुटते आणि फायरमनला कळतं.

ब्रॉडगेजवर मालगाड्या ओढणाऱ्या डब्ल्यूजी या वाफेच्या इंजिनात दाब चौरस इंचाला 210 पौंड. या दाबाखाली पाणी 100 नव्हे, जवळपास 200 अंशांना उकळतं. दहा मीटरचा बॉयलर गार असताना आणि तापल्यावर यांत सुमारे दोन सेंटिमीटरचा फरक पडतो. त्यामुळे त्याचं पुढचं टोक पक्कं बसवतात, मागचं सरकायला मोकळं ठेवतात, आणि जाळ आदल्या रात्रीपासून हळूहळू वाढवतात. घाई केली की पत्रे वेगवेगळे ताणले जातात. परीक्षाही वाफेने घेत नाहीत. बॉयलर काठोकाठ पाण्याने भरून पंपाने नेहमीपेक्षा जास्त दाब देतात. पाणी फारसं दबत नाही, त्यामुळे पत्रा फाटलाच तर धार उडते, स्फोट होत नाही.

भट्टीची आतली आणि बाहेरची भिंत शेकडो जाड खिळ्यांनी एकमेकींना धरून असते. त्यांना ‘स्टे’ म्हणतात. एखादा आत तुटला तर बाहेरून दिसत नाही. आमच्या गल्लीतले एक निवृत्त फिटर सांगतात, छोटी हातोडी घ्यायची आणि एकेक स्टे वाजवत जायचं. धड असला तर खणखणतो, तुटका असला तर बद्द बोलतो. ‘माठ घेताना वाजवतोस ना, तसंच,’ ते म्हणाले, आणि हातातल्या चमच्याने स्टीलचा पेला वाजवून दाखवला. मग पेल्यात चहा ओतून पुन्हा.