सांबराची बैठक

डोंगराळ रानात सांबराचा नर दिवस काढण्यासाठी जिथे बसतो ती जागा. सांबर रात्री चरते, पहाटे चढणीला लागते आणि उन्हे वर येईतो झाडोऱ्यात बसून रवंथ करू लागते. कळपातल्या माद्या आणि पाडसे पाणवठ्यावर नजरेला पडतात. मोठ्या शिंगांचा नर मात्र उजेडी क्वचितच बाहेर निघतो. म्हणून जुने शिकारी आधी त्याची बैठक शोधत.

ठाण्याच्या बाजूने येऊरचे डोंगर, म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा पूर्व उतार, पाहिला की या निवडीतली अक्कल कळते. बैठक माथ्यावर नसते. माथ्याच्या जरा खाली, कारवीच्या किंवा बांबूच्या आडोशाला असते. सकाळचे ऊन या उतारावर आधी पडते. हवा तापून वर चढू लागते आणि खालून येणाऱ्याचा वास बसल्या जागी नाकाशी येतो. दुपारी पश्चिमेकडून खारे वारे सुटतात. आता वास पाठीमागून, माथ्यापलीकडून येतो, आणि समोरच्या उतारावर डोळे-कान असतात. सूर्य कलल्यावर गार हवा खाली वाहू लागते, तेव्हा जनावर उठायच्या बेतात असते.

जागा ओळखायची तर वाकून पाहावे लागते. दबलेल्या गवताचा किंवा पाचोळ्याचा लांबट खळगा, त्यात चिकटलेले राठ तपकिरी केस, जवळपास लेंड्या, आणि शिंगे घासून साल सोललेले एखादे खोड. शिंगे दरवर्षी गळतात. पावसाळ्यात वाढणाऱ्या नव्या शिंगांवर मखमली कातडी असते, ती सुकली की खोडावर घासून काढली जाते. पूर्ण वाढलेल्या शिंगाला बहुधा तीन टोके असतात, आणि भारदस्त नराचे वजन ३०० किलोपर्यंत जाते. एवढे धूड दहा पावलांवर बसलेले असूनही दिसत नाही, हे रानात फिरणाऱ्याला सांगावे लागत नाही.

शिकारीच्या दोन रीती होत्या. एक, पहाटे चरायची जागा आणि बैठक यांच्या मधल्या वाटेवर वारा तोंडावर घेऊन दबा धरणे. दुसरी हाक्याची : हाकारे खालून आरडाओरडा करीत चढत आणि बंदूकवाले वरच्या खिंडी अडवून बसत. हाका पुष्कळदा फसे. मुरलेला नर उठतच नसे. माणसे पुढे गेली की त्यांच्या मागून उताराने निसटे. थेट बैठकीवर जाऊन जनावर उठवणे सर्वांत वाईट, कारण एकदा बिचकलेला नर ती जागा सोडून देई.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार सांबराची शिकार हा गुन्हा आहे. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत तो केल्यास ३ ते ७ वर्षे कैद होते. बैठकीची ही जाण आता वनरक्षकांच्या गस्तीला, फासे शोधायला कामी येते. बिचकण्याची गोष्ट मात्र बंदुकीबरोबर संपलेली नाही. पायवाट सोडून कारवीत घुसणारी माणसे आणि वस्तीकडून येणारी मोकाट कुत्री भर दुपारी नराला उठवतात, आणि तो उन्हात दुसरा आडोसा शोधत फिरतो.